तिमोतेचा शांत कार्यकर्ता

…अहो, शांत राहा म्हणायला लोकांच्या बापाचं काय जातं! मनेआबात, म्हणजे गावाच्या सभाघरात, मांडी घालून बसलेले आमचे म्हातारे सांगायचे, "तेबाऊ, राष्ट्राध्यक्षाची निवडणूक आहे, लढाई नाही. डोकं थंड ठेव." ठेवतो ना! पण माझाच भोंगा रोज सकाळी माझ्याच दारावरून "इओसेफा! इओसेफा!" करत जायचा, तेव्हा तुम्ही ठेवून दाखवा! मी तिमोतेचा माणूस, अख्ख्या मायाना बेटाला ठाऊक आहे. भोंगा माझा, ज्या मोटारसायकलवर तो बांधलेला ती माझी, आणि नाव कुणाचं? इओसेफाचं! तरी तुम्हाला सांगतो, मी शांत. एकदम शांत.

कारण आहे त्याला. त्याआधीच्या निवडणुकीत मी शांत नव्हतो. माझी थोरली बहीण, रोतिया, इओसेफाच्या बाजूची. मी तिमोतेचा. भर मनेआबात, सगळ्या गावासमोर मी तिला म्हणालो, "तुला स्वतःची अक्कल नाही, नवरा बोलतो तेच बोलतेस." ताईने चटई उचलली, गुंडाळली आणि गेली. तिमोते पडला तो पडलाच, पण ताई चार वर्षं माझ्याशी बोलली नाही हो! मधे आमची आई गेली. एका अंगाला ती, एका अंगाला मी, मधे आई. मी म्हणायचो, "आई, तिला सांग, माश्या बसतायत, पंखा घाल." ती म्हणायची, "आई, त्याला सांग, मला दिसतंय." गेलेल्या आईकडून निरोप! तेव्हाच आईच्या पायाला हात लावून म्हटलं, पुन्हा निवडणुकीत माझा आवाज चढणार नाही.

आणि आली की निवडणूक! पुन्हा तेच दोघे! पहिल्याच आठवड्यात बघतो तर काय, अंगणात ताई! चार वर्षांनी! वाटलं, आली, समेट करायला आली. आकेनेता, आमची ही, चहा टाकायला उठली. तर ताई उभ्याउभ्याच म्हणते, "तेबाऊ, तुझी मोटारसायकल मागायला आलेय. बुबुती."

संपलं! रक्ताच्या माणसाने बुबुती म्हणून मागितलं की नाही म्हणायची सोय आहे का आपल्याकडे? आजा समुद्रातून उठून थोबाडीत देईल! दिली. पुढच्या आठवड्यात आली, "भोंगा. बुबुती." दिला! आकेनेता म्हणाली, "आता प्रचाराचा पिवळा शर्टसुद्धा देऊन टाका, म्हणजे तिमोतेचा प्रचार उघड्यानेच करता येईल." मी शांत. एकदम शांत. फार झालं की माडावर चढायचो नीरा काढायला. वर काही गाणं म्हणावं अशी रीत, पण मी काय बोलायचो ते इथे सांगत नाही. खालून ही ओरडायची, "हळू बोला, नीरा नासेल!"

मतदानाच्या आदल्या दिवशी दुपारी जेवत होतो, मासा आणि नीरफणस, आणि कुंपणाजवळ ताई दिसली. आता राहिलं काय मागायचं? मत! ही माझं मत मागणार! दिलं तर तिमोतेशी बेइमानी, नाही दिलं तर ताई कायमची गेली… मी उष्ट्या हाताने धावलो आणि तिने तोंड उघडायच्या आत ओरडलो, "ताई, आधी माझी बुबुती! माझं मत मागू नकोस!"

ती बघतच राहिली. मग म्हणाली, "तुझं मत घेऊन मी काय करू रे? मला रेडिओ हवाय."

घ्या! आयुष्यात बहिणीकडे एक बुबुती केली, ती अशी फुकट गेली! रेडिओ दिला. घरातला एकुलता एक रेडिओ, आणि दुसऱ्या दिवशी मतदान संपताच मतमोजणी!

मग निकाल ऐकायला कुठे जाणार मी? गेलो की तिच्या घरी, मान खाली घालून. बघतो तर आईची चटई अंथरलेली. रेडिओ मधे. आणि चहाचे पेले दोन. नवऱ्याला तिने सकाळपासूनच मासे धरायला पिटाळलं होतं. माझी वाट बघत होती हो ती! मोटारसायकल, भोंगा ते सगळं इओसेफासाठी असेल, पण रेडिओ माझ्यासाठी मागितला होता. मला सरळ "ये" म्हणणं जमलं नाही तिला. आणि मला तरी कुठे जमलं होतं चार वर्षांत?

बसलो. एकेका बेटाचे आकडे येत होते. आणि तिमोते निवडून आला! माझा तिमोते! आठ वर्षं उन्हातान्हात ज्याच्यासाठी घसा फोडला तो! पाय नुसते नाचायला उठत होते, गळ्यापर्यंत आरोळी आलेली… आणि शेजारी ताई पदर नाही म्हणून बाहीनेच डोळे पुसत होती. मी आरोळी गिळली. मी शांत. एकदम शांत. हळूच म्हटलं, "ताई, बंद करू का गं?"

ती नाक ओढत म्हणाली, "हात लावू नकोस. रेडिओ माझा आहे."

तेव्हापासून तुम्हाला सांगतो, माझ्या राष्ट्राध्यक्षाचं भाषण असलं की मी ताईच्या घरी जाऊन बसतो. तो दोन वाक्यं बोलला की ती आवाज बारीक करते आणि त्याला शिव्या देते. मी चहा पितो.