ओरेस्टची भट्टी

...नाही, तुम्हीच सांगा, चालतेय ना? मग कशाला बदलायची? ही आमची लॅरिसा, पोटची पोर, कॅनडातल्या विनिपेगचा ऐन जानेवारी, बाहेर उणे चौतीस, आणि मला म्हणते, "मामो, तळघरातली ती भट्टी एकतीस वर्षांची झाली, काढून टाक!" अगं, तू त्रेचाळीसची झालीस, तुला काढून टाकलं का मी?

तुम्हाला सांगते, अख्खं घर तापवते ती. सुरू होताना खोकते, मान्य, पाहुणे दचकतात... पण चालतेय ना? आणि तिच्या पत्र्यावर माझ्या नवऱ्याचं, ओरेस्टचं अक्षर आहे हो! फिल्टर बदलला की तारीख लिहायची, सगळेच लिहितात, पण हा बाबा पुढे आणखी काहीबाही खरडायचा... 'उणे एकेचाळीस, तरी तग धरली.' 'लॅरिसाचं लग्न.' 'स्टेफा रुसली आहे.' स्टेफा म्हणजे मीच! चार वर्षं झाली त्याला जाऊन. असा पत्रा भंगारात देऊ?

मग एक दिवस ती पेटलीच नाही, म्हणून कारागीर आला, रेनाल्डो. आधी बटाटा भरून उकडलेले पिरोही खायला घातले, म्हटलं पोट भरलं की माणूस दुरुस्तीच सुचवतो... नऊ खाल्ले! आणि खाली बॅटरी मारून म्हणतो कसा, "मिसेस ह्रिंचुक, आत तडा गेलाय. विषारी वायू घरात शिरेल. वास नाही, रंग नाही, झोपेतच संपाल." गॅस बंद, वर 'वापरू नये' अशी लाल चिठ्ठी! मी म्हटलं, "अरे, परवापर्यंत चालत होती ना? एखादा डाग दे! ओरेस्ट असता तर त्याने दुरुस्तच केली असती!"

नुकतंच काढलेलं खालचं झाकण त्याने उलटं करून माझ्यापुढे धरलं. "हे वाचलंय कधी?"

कधी वाचणार? ते झाकण ओरेस्टच उघडायचा, मी हात लावला नव्हता. आतल्या बाजूला पेन्सिलीने त्याचंच अक्षर... 'पुढच्या वर्षी नवी घेणे.' खाली पुढचं साल, 'पुढच्या वर्षी नक्की.' अशा सहा ओळी! आणि शेवटची, इस्पितळात जायच्या आदल्या आठवड्यातली, 'स्टेफा ऐकत नाही. माझ्यामागे तरी बदल गं. तुला थंडी सोसत नाही.'

कोट, टोपी, हातमोजे घालून तिथेच पायरीवर बसले आणि रडले, खोटं कशाला सांगू?

बसवली नवी, काय करणार! खोकत नाही, काही नाही, घरात आहे की नाही कळतसुद्धा नाही. जुनं झाकण स्वयंपाकघरात टांगलंय, आतली बाजू भिंतीकडे करून. सेहेचाळीस वर्षांच्या संसारात शेवटचा शब्द मी त्याला कधी मिळू दिला नाही... आता मिळालाय, मिळू दे. पण तो पाहुण्यांना कशाला दाखवायचा?