भाकरीचा आलेख

परवाची गंमत सांगते. माझी नणंद पल्लवी दहावीला आहे, आणि दुसऱ्या दिवशी तिची गणिताची चाचणी होती. आलेख काढताना तिची प्रत्येक रेघ शून्यातूनच निघायची. मी म्हटलं, "भाकरीचा आलेख काढ. आडव्या अक्षावर भाकऱ्या, उभ्यावर मिनिटं. आईंना एका भाकरीला दोन मिनिटं लागतात. तोच रेघेचा चढ."

तिनं रेघ काढली. पुन्हा शून्यातून!

सासूबाई परातीतून मान वर करून म्हणाल्या, "आगं, तवा आपोआप तापतो व्हय? आदण ठेवायचं, पीठ मळायचं, धा मिनिटं आदीच जात्यात की!"

"म्हणजे एकही भाकरी नसताना दहा मिनिटं?" पल्लवीनं दहावर ठिपका दिला. "वहिनी, हाच इंटरसेप्ट! रेघ इथून निघणार!"

लग्नाला तीन महिने झाले. या घरात मला काहीतरी येतं, असं पहिल्यांदाच वाटलं.

"आता वहिनीची रेघ काढ," सासूबाई म्हणाल्या.

"वहिनी, एका भाकरीला सात मिनिटं धरू?"

"धर," मी हळूच म्हटलं.

माझीही रेघ दहावरूनच निघाली आणि तरातरा चढत वहीच्या वरच्या कडेला टेकली. सासूबाईंनी चष्मा लावून निरखून बघितलं.

"कागद संपला, तरी पाचवी भाकरी झाली न्हाय की गं!"