एका नंबरावरच्या चौदा जणी
मी वैष्णवी चंद्रभान गिराम, वय २८ वर्षे, धंदा सॉफ्टवेअर कंपनीत नोकरी, मूळ राहणार झरी, हल्ली मुक्काम परभणी. कोणी बोलावलेले नसताना पोलीस ठाण्यात हजर राहून समक्ष सांगते की,

पेडगावची धम्मशीला, सिद्धोधन यांची पत्नी, वय २४, हिच्या मृत्यूबाबत गावच्या आशा सेविका राजेश्रीताई यांच्यावर हलगर्जीपणाची तक्रार झाली आहे. हे चोर सोडून संन्याशाला फाशी देणे आहे.

आमच्या कंपनीने एका संस्थेसाठी गरोदर बायांना फोन करणारी सेवा बनवली. ती मी बांधली आणि मीच चालवते. तिला स्वतःचा सर्व्हर नाही. रोज सकाळी सात वाजता भाड्याच्या यंत्रावर ती जागी होते, यादी वाचते, ज्यांची दवाखान्यात भरती व्हायची तारीख दोन दिवसांवर आहे त्यांना फोन लावते, गाडी मागवते आणि बंद होते. यादीतून कोण घ्यायचे, कोण गाळायचे, हे एका ओळीच्या अटीवर ठरते. ती ओळ माझी आहे.

एकाच बाईला दोनदा फोन जाऊ नये म्हणून मी लिहिले की, एक नंबर पुन्हा आला तर पहिले नाव ठेवावे, बाकीची गाळावीत. ज्या बायांकडे फोन नाही त्यांनी राजेश्रीताईंचा नंबर दिला होता. अशा चौदा जणी होत्या. तेरा गळाल्या. धम्मशीला नववी होती.

पहिलीचा फोन जूनमध्ये बरोबर आला, त्यामुळे राजेश्रीताई निर्धास्त राहिल्या. त्याआधी त्या वहीत तारखा लिहून घरोघर जात असत. वही बंद करा, आता फोन येईल, असे प्रशिक्षणात मीच सांगितले.

धम्मशीलाचा रक्तदाब वाढलेला होता. १८ ऑगस्टला भरती व्हायचे होते, १६ तारखेला फोन गेला नाही. २० तारखेला सकाळी दहाला तिला झटके आले. सिद्धोधन यांनी रिक्षात घातले. परभणी येण्याआधी ती गेली, मूलही गेले.

काल मी पेडगावला गेले. सासू सुलाबाई म्हणाल्या, "फोन आल्याबिगर जायचं न्हाई म्हणून बसलो की बाई आमी. तारीख तर पाठ व्हती तिला."

चहा ठेवते म्हणाल्या, मी उठून आले. मला माझी लाज वाटते.

आमचे साहेब योगीराज यांचे म्हणणे आहे की सेवा सुरू करण्याआधीच्या तपासणीत सगळे पास झाले होते. खरे आहे. तपासणीची नावे मी ऑफिसातली घेतली होती, तिथे प्रत्येकीकडे आपला फोन आहे. पण माझ्या शाळेच्या अर्जावर दहा वर्षे शेजारच्या लिंबाजीकाकांचा नंबर होता. आमच्या गल्लीतल्या सहा पोरींच्या अर्जावर तोच होता. हे साहेबांना माहीत नव्हते, मला होते.

जबाब हवालदारांनी मला मोठ्याने वाचून दाखवला. त्यात "तांत्रिक बिघाडामुळे फोन गेला नाही" असे आले होते, ते मी खोडायला लावून शेजारी सही केली. बिघाड झाला नव्हता. मी लिहिले तसेच यंत्राने केले. बाकी मजकूर मी सांगितला तसाच आहे.