पाच नंबरची चिंच

मोठ्यानं बोला ताई, आन् ह्या अंगाला बसा, डावा कान पार गेलाय आन् उजव्यातनं निम्मंअर्धं येतंय. आता लपवायचं काय राह्यलं न्हाई, समद्या गावाला ठावं झालंय. गावाचं नाव तेवढं घालू नका, तासगावाच्या अंगाचं एक गाव म्हना. माझं नाव बिरू, हितली मानसं बिरूआण्णा म्हनत्यात. पालिकेच्या झाडांवर कामाला हाय, रस्त्याकडची झाडं छाटायची, वाळलं-मोडलं बघायचं, कुठलं पडंल कुठलं ऱ्हाईल ते सांगायचं. ते सांगन्यातच माझा घात झाला, येतो त्याच्यावर.

मूळ आमी आटपाडीच्या पल्याडचं, माळावरचं. मेंढरं हीच आमची शेती. दिवाळी झाली की बाप कळप घिऊन खाली नदीकाठाला उतरायचा, घोड्यावर बिऱ्हाड, मागनं आमी पोरं आन् आई. शाळा म्हंजे दोन पावसाळं, तेवढीच. बाप लिंबावर नाय तर बाभळीवर चढून मेंढरास्नी पाला पाडायचा, मी खालनं गोळा करायचो, आन् त्यो वरनं सांगायचा, शेंड्याला हात लावायचा न्हाई, एकाच अंगानं तोडायचं न्हाई, झाडाचा तोल जातोय, पुढल्या साली ह्याच झाडाखाली यायचंय आपल्याला. मला सगळी झाडं बापानंच शिकवली. आन् कान तवा असा हुता माझा, काय सांगू तुमास्नी, टेकडीच्या आड गेलेलं मेंढरू गळ्यातल्या घाटीवरनं वळखायचो, कुनाची घाट कशी वाजती ते मला पाठ.

मग दुष्काळात कळप निम्म्यावर आला, लगीन झालतं, मी न् सुमन, माझी मालकीन, हिकडं आलो. हमाली केली, बेदाण्याच्या शेडवर राबलो. एक दिस एसटी स्टँडापाशी चिंचंची फांदी तारंवर लोंबत हुती, वर कुनी जाईना, शिडी पुरंना. मी चपला काढल्या आन् चढलो. खाली पालिकेचा मुकादम हुबा, दगडूतात्या, त्यानं इचारलं कुठला रं तू, मी म्हनलं आटपाडीकडचा, त्यो म्हनला उद्यापासनं ये. झालं. तवापासनं हाय.

दगडूतात्या लय खटपट्या मानूस. दुकानदारास्नी झाड नको असतंय, पाटी दिसत न्हाई म्हनत्यात, मग हळूच बुडात कढत पानी वत, हिंग भर, असलं करत्यात. तात्या काय करायचा, ज्या झाडावर कुनाचा डोळा हाय तिथं पहाटंचं जाऊन बुडाला एक धोंडा ठिवायचा, त्येला शेंदूर फासायचा, वर दोन फुलं. मग कुनाची छाती न्हाई हात लावायची. त्यातल्या दोन धोंड्यास्नी आता पक्की देवळं झाल्यात बगा, फरशी बशीवली, आन् ती फरशी खोडाला इतकी आवळून बशीवली की झाडाचाच जीव घुसमटलाय. तात्या असता तर कपाळावर हात मारला असता.

तात्यानंच मला झाड वाजवाय शिकीवलं. कुऱ्हाडीची पाठ घ्यायची, खोडावर हानायची, छातीएवढ्या उंचीवर एकदा, गुडघ्यापाशी एकदा, चारी अंगानं. गच्च झाड ठक्क वाजतंय, आतनं पोकळ असलं की भद्द. पन मधल्या बी लय तऱ्हा हायत, नुकतं किडाय लागलेलं, एका कुशीला पोखरलेलं, ती नुसत्या कानाला कळत्यात, सांगता येत न्हाईत. दरसाल मिरगाच्या आदी मी गावातली मोठी झाडं वाजवायचो, सायबाच्या कागदावर माझ्या सांगन्यावरनं धोकादायक झाडं लिवायचं. तात्या गेला, साहेब बदललं, चार-पाच साहेब आलं न् गेलं, पन वाजवनारा मीच. लोक म्हनायचं बिरूआण्णानं वाजवलंय न्हवं, मग घोर न्हाई. खरं सांगू, मला त्याचा माज आलता. घरात काय नसलं तरी गावात माझा शब्द हुता.

मग करवत-मशीन आलं. लय चांगली सोय, दिवसाचं काम तासात. पन त्याचा आवाज कानाशी, सकाळपासनं सांजपतुर, वर्सानुवर्सं. कानात कापूस घाला म्हनलं हुतं, घातला चार दिस, खाज सुटती म्हनून टाकून दिला. पैल्यांदी चिमन्या गेल्या. मला वाटलं चिमन्याच कमी झाल्यात, समदीच म्हनत्यात तसं. मग नात बोललेली कळंना. सुमन म्हनायची, आवं टीव्ही बारीक करा, शेजारची येत्यात भांडाय. मी तिच्यावरच उखडायचो, तूच बारीक बोलतीस म्हनायचो. चारचौघांत मान हालवत बसायचो, लोक हसलं की हसायचं.

आन् झाडं? झाडं वाजवतच हुतो. ठक्क का भद्द, मला दोन्ही सारखंच लागाय लागलं, लांबनं कुनी उशी बडवल्यावानी. मग मी एक युक्ती काढली, हानताना दुसरा हात खोडावर ठिवायचा, हाताला कंप कळतुया, असं मी माझ्या मनाला सांगितलं. कळत नव्हतं ताई. मागल्या सालची यादी आठवायची आन् तीच सांगायची, असं दोन सालं केलं. सांगितलं असतं तर झाडांवरनं काढून कुठं तरी गेटावर बशीवलं असतं, पोटाला काय कमी पडलं नसतं. पन बिरूआण्णाला ऐकू येत न्हाई हे गावाला कळायचं मला सोसवत नव्हतं. तेवढ्यासाठी केलं मी हे.

आता ह्यो रस्ता बगा, स्टँडापासनं सरकारी दवाखान्यापतुर. ह्या रस्त्याला चिंचंची अकरा झाडं हुती, म्हाताऱ्या मानसांनी बी लावताना बघितलेली नव्हती इतकी जुनी. पेशंटाची मानसं सावलीला बसत्यात, भाकरी खात्यात. पाच नंबरच्या झाडाखाली मालनआक्का शेंगा विकायची, उकडलेल्या आन् भाजलेल्या, खोडाला पाठ टेकून बसायची, पंधरा वर्सं तरी. एक दिस मला म्हनली, आण्णा, रोज सकाळी माझ्या पाटीत भुसा पडतुय वरनं, बारीक पिठागत, झाडाला काय झालंय का बघा. आता भुसा म्हंजे किडा, हे मेंढक्याच्या पोराला सांगाय लागतंय का? मला समजाय पायजे हुतं. पन आठ दिसांमागंच मी ते झाड वाजवून सायबाला गच्च म्हनून सांगितलं हुतं, आन् चार मानसं ऐकत हुती. मी म्हनलं, आक्का, मी सोता वाजवलंय ते, तू बस निवांत.

बस निवांत म्हनलो मी तिला. हे शबूद मला जेवताना आठवत्यात.

त्यानंतर बारा-तेरा दिस गेलं असतील. दुपारचं साडेबारा, वारं न्हाई, पानसुदिक हालत न्हाई. मी चौकात चा पीत बसलो हुतो, रस्त्याकडं पाठ करून. बघतो तर समोरचा चावाला किटली टाकून पळाला, त्याच्या मागनं सायकलवाला, मग समदा चौक रिकामा. मला वाटलं कुनाची तरी मारामारी लागली असंल. मी उरलेला चा प्यालो ताई. गावाच्या दुसऱ्या टोकाला आवाज गेलता म्हनं, आन् मी तिथं हाकंच्या अंतरावर बसून चा प्यालो.

गेलो तर पाच नंबर बुडातनं मोडून आडवं, आतनं निसता भुगा, हात घातला तर कोपरापतुर आत जाईल असं पोकळ. मालनआक्का खाली. दहा-बारा जनांनी फांदी उचलली, मी बी लावला हात. जित्ती हुती. कंबरंचं हाड आन् मांडी मोडली. वढून काढताना ती माझ्याकडं बघत हुती, काय बोलत हुती का न्हाई मला ठावं न्हाई, तोंड हालत हुतं.

मग गाव पेटलं. लोक पालिकेवर गेलं, सभा झाली. समद्यांचं एकच, बिनवाऱ्याचं झाड पडतंय, वाजवलेलं झाड पडतंय, मग बाकीच्याचा भरवसा काय, ऱ्हायलेली धा बी काढा. इंजिनेर साहेब तरना पोरगा, चांगला हाय, माझ्या खांद्यावर हात ठिवून म्हनला, आण्णा, तुमचा दोष न्हाई, झाडाच्या पोटातलं कुनाला दिसतंय. आन् गेरूचा डबा दिला, धाच्या धा झाडांवर फुल्या मारा म्हनला. मी मारल्या. एक, दोन, तीन, चार, मग सहा. ह्यातली बरीचशी गच्च हायत हे मला माझ्या चांगल्या कानाच्या दिसांपासनं म्हाईत, आन् माझ्या एका खोट्यापायी समद्यांच्या मुळावर करवत येनार. झाडं काय बोलनार, बोलायचं मीच हुतं.

तीन दिस घरात जेवलो न्हाई. सुमननं इचारलं, तवा सांगितलं तिला. ती म्हनली, मला दोन सालं झाली कळून तुमचा कान गेलाय त्ये, पन तुमी वाजवताय कसं ह्ये मी इचारलं न्हाई, माझी बी चूक हाय. मग आधी दवाखान्यात गेलो, मालनआक्काकडं. तिच्या पायाला वजन बांधून टांगलं हुतं. मी खाटंपाशी हुबं राहून समदं सांगितलं. ती छताकडं बघतच, मला कळावं म्हनून मोठ्यानं बोलली, समद्या वार्डानं ऐकलं. मला सांगून तुमचं वझं उतरलं आण्णा, माझा पाय तसाच हाय. ज्यास्नी सांगायचं त्यास्नी सांगा जावा.

गेलो सायबाकडं. त्यो खुर्चीतनं उठला, दार लावलं, म्हनला आण्णा हे कागदावर आलं तर तुमचं काय हुईल कळतंय का. मी म्हनलं काय बी होवू द्या, पन झाडं एकदा खऱ्या कानानं वाजवा, मग तोडा. त्यो म्हनला आता वाजवनार कोन, ज्यास्नी येतंय असं दुसरं कोन हाय. मी म्हनलं हाय, माझी बायकू. ती बी मेंढराच्या घरातलीच, आन् इतकी वर्सं मी घरी येऊन कुठलं झाड कसं वाजलं ते तिलाच सांगत आलोय, फळीवर वाजवून दावत आलोय.

साहेबानं एक सकाळ दिली. काय सांगू, निम्मं गाव गोळा झालं. मी कुऱ्हाड हानायचो आन् सुमन पदर डोक्यावर घिऊन खोडाला कान लावायची, चारी अंगानं. लोक हसत हुती, बायकूला काय कळतंय म्हनत हुती. तिनं घाई केली न्हाई. दोन नंबरला चार येळा हानाय लावलं, मग मान हालवली, हे जायाचं. मी तिच्याकडं बघतुय, माझं लाडकं झाड ते, पन ती हटली न्हाई. नऊ नंबर बी जायाचं म्हनली. बाकीची आठ गच्च. दोन्ही तोडली तवा आतनं पोकळ निघाली, ते समद्यांनी बघितलं, मग हसायचं थांबलं. आठ झाडांचं पालिका म्हनली, हा पावसाळा जाऊ द्या, लोकांचं मन बघू, मग ठरवू. फुल्या अजून तशाच हायत, पुसायचा हुकूम न्हाई. माझी चौकशी चालू हाय, कामावरनं घरी बसवलंय. त्याचं मला काय वाटत न्हाई, ते बरोबरच हाय.

पन लोक सावलीला येईनात. उन्हात हुबी राहत्यात, डोक्यावर टावेल घिऊन, बाळंतिनी बी उन्हात. सावली अशी रिकामी पडलेली मी जन्मात बघितली न्हवती. म्हनून मग मी रोज हितं येऊन बसतुय, चार नंबरच्या बुडाला पाठ लावून, सकाळपासनं दवाखाना बंद हुईपतुर. झाड पडलं तर पैल्यांदी माझ्यावर पडंल, एवढंच दावायचंय. दोन-तीन म्हातारी मानसं याय लागल्यात. सुमन दुपारी भाकरी घिऊन येती, ती बी बसती. तुमी बी बसला, बरं वाटलं.

त्या समोरच्या कट्ट्यावर बघा. तीच मालनआक्का. तीन म्हैनं खाटंवर काढलं, आन् परवापासनं याय लागली, काठी टेकत, लेक सोडून जातोय. उन्हातच बसती, शेंगांची पाटी म्होरं घिऊन, वर छत्री धरून. तिच्या आन् माझ्या मधी हा एवढा रस्ता. मी बलावत न्हाई. काय तोंडानं बलावू, ये बस म्हनायचा हक्क मी घालवलाय. ती आली तर तिच्या पायानं येईल, न्हाई आली तर तेबी खरं हाय. देव तिची कंबर बरी करू दे. तुमी जाताना तिच्याकडनं शेंगा घ्या ताई, आन् मी पाठीवलं म्हनून सांगू नका.