काळजात बसलेला चुना

मी कोकिळा, माहेर लोणखेड्याचं. आठवीत असताना घसा धरला, ताप आला, मग गुडघे सुजले, गुडघे उतरले तर घोटे सुजले. आई म्हणायची, वाढती पोर शे, ऱ्हाई जाई, म्हणजे आपोआप थांबेल, आणि तेल चोळायची. तेल सांध्यांवर लागत होतं आणि आजार आत काळजाची झडप खात होता, हे आम्हाला कुणी सांगितलं? कुणीच नाही.

लग्न होऊन कळसाडीला आले. कापूस वेचताना दोन ओळी झाल्या की दम लागायचा, बांधावर बसायचे. बाया म्हणायच्या, लोणखेडानी राणी शे, हिले खुर्ची आना. मीही हसायचे. एकदा हसता हसता खोकला आला आणि पदरावर रक्त पडलं, मग मात्र कुणी हसलं नाही, सरळ नाशिकला नेलं.

बाविसावं वर्ष होतं. डॉक्टर म्हणाले, काळजाची झडप खराब झालीय, बदलावी लागेल. धातूची झडप पुष्कळ टिकते, पण रक्त पातळ करायची गोळी जन्मभर घ्यावी लागते आणि ती पोटातल्या बाळाला घातक. जनावराच्या काळजाभोवतीच्या पडद्यापासून केलेली झडप बसवली तर ती गोळी जन्मभर लागत नाही, पण ही झडप कधीतरी खराब होणार, दरवर्षी तपासा. मला लेकरू पाहिजे होतं, म्हणून हीच बसवून घेतली. कधीतरी हा शब्द मी ऐकला आणि पुसून टाकला. दोन वर्षांत चैताली झाली, आणि मला वाटलं, जिंकले.

आता आमची चूक सांगते. चैताली चालायला लागली तेव्हा तपासायला गेलो होतो, तर डॉक्टर समजावत म्हणाले, तुमच्या बोअरच्या पाण्याने भांड्याला पांढरा थर बसतो ना, तसा झडपेवर हळूहळू चुना बसतो. झालं. घरी आल्यावर सासूबाईंनी फर्मान काढलं, बोअरनं पानी बंद, दूध बंद, दही बंद, तुन्हा काळीजमा चुना बसी जाई. माझ्यासाठी वेगळा पाण्याचा जार यायला लागला. सासूबाई स्वतः फडक्यातून गाळून द्यायच्या, आईने दिलं नसतं इतक्या मायेने. आणि आम्ही सगळे निर्धास्त झालो. हे म्हणायचे, तू बरी शेस ना, मग कशाले जानं? एक वर्ष तपासायला गेलो नाही, मग दुसरं, मग मोजलंच नाही.

यंदा ऊस लागणीला जिना चढवेना, आडवं पडलं की गुदमरायला व्हायचं. तपासलं तर झडप दगड झालेली, एक पाकळी फाटलेली. मी डॉक्टरांना म्हटलं, साहेब, मी दहा वर्षं दूध तोंडाला लावलं नाही, मग हा चुना आला कुठून? ते म्हणाले, बाई, तो रक्तातच असतो, त्याच्याशिवाय माणूस जगत नाही. झडप मेलेल्या पडद्याची, औषधात मुरवलेली, जिवंत कातडीसारखी ती स्वतःला सांधत नाही. दिवसाला लाखभर वेळा उघडमीट करून ती झिजते, शरीर तिला परकी समजतं, झिजल्या जागी चुना धरतो. आणि वय तरुण असलं की हे सगळं लवकर होतं. म्हणजे काय सांगू तुम्हाला, माझ्या तरुणपणानेच माझी झडप खाल्ली. दुधाचा काही संबंध नव्हता. दरवर्षी आले असते तर काळीज थकायच्या आधी बदलली असती.

मला राग येतो. समजावलं तेव्हा समजलं का, हे कुणी विचारलं नाही, आणि आम्ही शिकलेली माणसं असून उलट विचारायला लाजलो. डॉक्टरसमोर मान हलवायची, ही आमची रीत. ती रीत मोडा, पोरींनो. तीन वेळा विचारा, वेडं म्हटलं तरी विचारा.

सोमवारी पुन्हा छाती उघडणार, या खेपेला धातूची. दुसऱ्यांदा धोका जास्त, काळीज थकलेलं, डॉक्टर शब्द देत नाहीत. चैतालीला फक्त तपासणी सांगितलीय. ती म्हणाली, मग नवा फ्रॉक आणशील ना? मी हो म्हटलं, आणि न्हाणीघरात जाऊन तोंडात पदर कोंबला. भीती वाटते हो, फार भीती वाटते, मला मरायचं नाही.

सासूबाई दोन दिवस जेवल्या नाहीत, म्हणतात, मीच तुले मारी टाकं. मी नाही वाचले तर एवढं त्यांना वाचून दाखवा, की कोकिळाने तुम्हाला काही बोल लावला नाही, फक्त माझ्या पोरीला रोज पेलाभर दूध द्या.