शेळगावच्या रस्त्यावर टप फुगला

"हॅलो? …हॅलो? कोन बोलतंय? …आवं, तुमीच का? जरा मोठ्यानं बोला की!"

रतनने रिसीव्हर दोन्ही हातांनी धरला होता. बारामतीच्या पोस्टात ती पहिल्यांदाच टेलिफोनपाशी उभी होती. पलीकडे मुंबई होती आणि मुंबईत तिचा नवरा, सावळाराम. दोन वर्षांत तिने त्याचा आवाज ऐकला नव्हता.

"व्हय, व्हय… येतंय ऐकू… न्हाय, रडत न्हाय मी, सर्दी झालीया… आवं ऐका ना, मास्तर म्हनत्यात तीनच मिंटं… सिंधू? बरी हाय. तुमची भन बरी हाय. लेक झाली तिला… व्हय, मामा झालाय तुमी! …तार? फोनवर या म्हनून आबासाहेबांनी केली ती."

आबासाहेबांचं नाव तिच्या तोंडून निघून गेलं. त्या नावाचं जुनं दुखणं तिला ठाऊक होतं. सावळाराम शिंपी होता. दोन वर्षांपूर्वी त्याने बागाईतदार आबासाहेबांच्या मोटारीला कापडी टप शिवून दिला होता. इंदापूरच्या रस्त्यावर मोटार जोरात पळाली आणि टप उडून कुणाच्या तरी उसात जाऊन पडला. शिलाई कच्ची, असं आबासाहेब भर बाजारात म्हणाले. सावळाराम जीव तोडून सांगत राहिला, की मोटार वेगात असली की टपावरून वारा पळतो, वरचा दाब कमी होतो आणि आतली हवा कापडाला वर लोटते. मागचा पडदा मोकळा सोडा, हवा निघून जाईल. लोक हसले. शिंपी वाऱ्यावर खापर फोडतोय, म्हणाले. आठवड्याच्या आत त्याने मुंबई गाठली आणि मोटारी बांधायच्या एका कारखान्यात लागला.

"हायसा न्हवं? …मग व्हय म्हना की. परवा सकाळी शेळगावात सिंधू आडली. सुईन म्हनली, बारामतीच्या दवाखान्यात न्या. आबासाहेब मळ्यावर आल्यालं, त्यांनी काय इचार केला न्हाय. बिरदेव डायवर, म्होरं आबासाहेब, मागं मी, सिंधूचं डोस्कं मांडीवर… व्हय, तीच मोटार. टप मातुर नवा, पुन्याहून शिवून आनलेला… आवं थांबा, सांगती!"

"बिरदेवनं काटा पन्नासावर नेला. धूळ नगं म्हनून चारी बाजूचं पडदं बांधल्यालं. आन् टप फुगाय लागला… तव्यावरच्या भाकरीवानी! वर हात लावला तर कापड ढोलावानी ताठ… व्हय! दाबत न्हवतं काय, उचलतच व्हतं. तुमी म्हनायचा तस्संच! …किती? वीतभर… न्हाय, जास्तच. मग डावा पट्टा तुटला, फाटदिशी! बिरदेव म्हनला, हळू घेतो. सिंधूचं डोळं पांढरं झाल्यालं… हळू कसं घेऊ द्यायचं?"

"मग मी वळले आन् मागच्या पडद्याच्या गुंड्या काढल्या… समद्या. एक निघंना, ती दातानं वढली. हवा सूं करून मागनं गेली आन् टप बसला खाली… आवं, काटा पन्नासावरच व्हता! माज्या डोळ्यांनी बघितलं… हॅलो? …हॅलो? बोला की."

पलीकडून नाक ओढल्याचा आवाज आला. रतनने भिंतीकडे तोंड फिरवलं. मास्तरांना आपला चेहरा दिसू नये, एवढंच.

"…नगा की रडू. आबासाहेबांनीबी बघितलं. दवाखान्याच्या पायरीवर, चार मान्सांत म्हनलं, सावळारामची शिलाई न्हाय, माझी समजूत कच्ची व्हती… देवाशपथ! माघारी बोलवा म्हनत्यात. बाजारात दुकान काढून देतो म्हनत्यात… मग? कधी येताय? …काय? …न्हाय? का न्हाय?"

ती ऐकत राहिली. पदराचा काठ बोटाभोवती आवळत गेला.

"…लोखंडी टपाची मोटार? …नाक गोल, शेपूट निमुळतं… आन् पत्र्यावर दोरं चिकटवताय? शिवायचं दोरं? …पळत्या मोटारीत वाऱ्यानं कुठं उचलत्यात ते बघून तुमी सांगनार, आन् सायेब तसा पत्रा वळवनार? तुमचं ऐकतो? …चांगलं हाय की… न्हाय, रागावले न्हाय. लई बरं वाटलं… पर माजं काय? तुमच्या मशीनीवर रोज फडकं मारती मी. दोन वर्सं झाली. पाय मारायला कुनी न्हाय तिला…"

मास्तरांनी घड्याळ दाखवलं.

"मास्तर, थोडं… एवढं एकच! …आवं ऐका. खोलीत किती जन ऱ्हाताय? …पाच? मग दुसरी बघा. ल्हान असली तरी चालंल… कुनासाठी म्हंजे? मी येती… मी! …काय म्हनला? …हॅलो? ऐकलं का? मी येती म्हनलं! हॅलो…"

लाइन तुटली होती. त्याने ऐकलं की नाही, तिला कळलं नाही. तिने रिसीव्हर हळूच मास्तरांच्या हातात दिला आणि डोळे पुसून बाहेर आली. बाकावर वाट बघत बसलेले आबासाहेब लगबगीने उठले. येतोय ना, असं त्यांनी विचारलं.

"न्हाय," रतन म्हणाली. "मीच चालले मुंबईला. उद्याच्या दौंडच्या गाडीनं."