चंचलच्या पायातले पैंजण

पुरवणी जबाब
दि. १४ नोव्हेंबर २०२५, दुपारी १२.२०

नाव सौ. संध्या टिकेश रहांगडाले, वय २९ वर्षे, व्यवसाय खाजगी लॅबमध्ये रक्ततपासणीचे काम, राहणार दवनीवाडा, ता. जि. गोंदिया.

मला कोणी बोलावलेले नसताना मी आज स्वतः ठाण्यात हजर होऊन सांगते की, मी वरील पत्त्यावर पती टिकेश आणि मुलगी चंचल, वय दोन वर्षे दोन महिने, यांच्यासह राहते. पती रेल्वेत ट्रॅकमन असून सध्या त्यांना रात्रपाळी आहे. सासूबाई दुर्पताबाई बिरसीला मोठ्या दिरांकडे असतात. मी रोज गोंदियाला कामाला जात असल्याने चंचलला गावातील सुखवंता उईके, वय अंदाजे पन्नास, यांच्या पाळणाघरात ठेवत होते. त्या राहत्या घरी सहा मुले सांभाळतात. आम्ही त्यांना मावशी म्हणतो.

मुलीला पहिल्यांदा नेले तेव्हाच मावशींनी मला बजावले होते, "पायातले घुंगरू काढू नोको बाई. माह्ये डोळे दोन अन् लेकरं सहा. मी कानानं राखून राहिली." त्यांच्याकडच्या प्रत्येक मुलाच्या पायात घुंगरू असतात. ज्याला चांदीचे नाहीत त्याला त्या काळ्या दोऱ्यात पितळेचे ओवून बांधतात. आवाज स्वयंपाकघराकडे वळला की हातातले काम टाकून उठतात. मला तेव्हा त्याचे हसू आले होते. चंचलला माझ्या आईने बारशाला दिलेले चांदीचे पैंजण होते, तेच पायात असत.

दि. १० रोजी सोमवारी पती सकाळी साडेसहाला ड्युटीवरून येऊन झोपले. आमची खोली एकच आहे. चंचल उठून इकडून तिकडे पळू लागली. पती म्हणाले, "ते वाजणं बंद कर ना वो, डोळा लागून नाही राहिला." म्हणून मी पैंजण काढून माझ्या पर्समध्ये टाकले. मावशींच्या दारात पुन्हा घालायचे असे मनात होते. त्या दिवशी लॅब मला उघडायची होती आणि मला उशीर झाला होता. मावशींच्या दारात चंचल ओढणी धरून रडत होती. तिची मूठ सोडवून मी स्कूटी सुरू केली. पैंजण पर्समध्येच राहिले.

सुमारे सव्वाअकराला मावशींच्या शेजारी राहणाऱ्या प्रेमिलाबाईंचा मला फोन आला. नंतर समजले ते असे की, मावशींनी भाताचे पाणी पसवून त्या गरम पेजेचा गंज, म्हणजे मोठे पातेले, स्वयंपाकघरात खाली निवायला ठेवला होता. त्या मुलांना रोज मीठ घालून पेज देतात. दारात खाट आडवी लावली होती. मावशी पलीकडच्या खोलीत एका बाळाला निजवत असताना चंचल खाटेखालून आत गेली आणि गंज तिच्या अंगावर कलंडला. तिचा उजवा हात आणि पोट भाजले आहे. दोन बोटांवर पुढे शस्त्रक्रिया लागेल असे डॉक्टर म्हणतात.

मी गोंदियाच्या दवाखान्यात पोहोचले तेव्हा मावशी तिथेच होत्या. त्यांचे दोन्ही तळवे भाजलेले होते. त्या एवढेच म्हणत होत्या, "बाई, घुंगरू वाजलेच नाही. मी कान देऊन होती." पती आले, त्यांनी मावशींना दारापर्यंत ढकलत नेले. मी अडवले नाही.

नोंदणीच्या खिडकीवर आधार कार्ड मागितले. ते काढताना माझ्या हाताला पैंजण लागले. मी पर्सची चेन लावून टाकली.

सायंकाळी सासूबाई आल्या. चंचलच्या पायाकडे पाहून म्हणाल्या, "अन् पायातली चांदी कुठं गेली? तिनंच काढली असंन." पतींनी त्याच दिवशी तक्रार दिली. तिच्यात निष्काळजीपणासोबत पैंजण चोरल्याचेही लिहिले आहे. तक्रार लिहिली जात असताना मी बाजूच्या खुर्चीवर बसलेली होते. मला विचारले असता, पैंजण मुलीच्या पायात होते, असे मी सांगितले. ते खोटे आहे.

दुसऱ्या दिवशी मावशींच्या घराची झडती झाली. पेटी उघडली, धानाची कोठी उपसली. बाकीच्या पाचही घरांनी मुले पाठवणे बंद केले. वकिलांनी आम्हाला सांगितले की, फौजदारी तक्रारीबरोबरच ग्राहक आयोगातही भरपाई मागता येते, आणि चोरीमुळे आपली बाजू बळकट होते. पती मान हलवत होते. मीही हलवली.

काल चंचलची पट्टी बदलली. ती रडून रडून थकली आणि मावशींच्या नावाने हाका मारू लागली. मला माझी लाज वाटली.

पेजेचा गंज खाली ठेवला ही मावशींची चूक आहे आणि तिची चौकशी व्हावी, असे माझे आजही म्हणणे आहे. परंतु त्यांनी काही चोरलेले नाही. ज्या आवाजावर त्या मुले सांभाळत, तो मी बंद केला आणि त्यांना सांगितले नाही. पैंजणांची जोडी मी आज पंचांसमक्ष हजर केली आहे. मी इथे आल्याचे पतींना माहीत नाही. ते कळेल याची मला कल्पना आहे.

माझे म्हणणे जमादार साहेबांनी लिहून मला वाचून दाखवले. त्यात त्यांनी, पैंजण पर्समध्ये असल्याचे मी विसरल्यामुळे आजवर सांगितले नाही, असे लिहिले होते. ते मी दुरुस्त करायला लावले. विसरणे सोमवारच्या सकाळपुरते खरे आहे. दवाखान्याच्या खिडकीपासून आजपर्यंत मी एक क्षणही विसरलेली नव्हते. दुरुस्तीनंतर पुन्हा वाचून घेतले. आता बरोबर आहे, म्हणून सही करते.

सही/-
संध्या टिकेश रहांगडाले